तार, लाळ आणि एक चूळ

गेल्या महिन्यात माझी भाची दातांच्या डॉक्टरांकडून थेट माझ्याकडे आली, ती मुठीत कागदी रुमालाची पुडी घेऊन. "मावशी, तुझ्यासाठी आणलंय काहीतरी." पुडीत तिच्या वरच्या दातांवर दीड महिना बसलेली तार होती. डॉक्टरांनी ती काढून जरा जाड तार बसवली होती, आणि जुनी टाकायच्या आत हिने ती मागून घेतली होती. मी आयुष्यभर धातुशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरात कुणाला मोडका स्प्रिंग किंवा तडकलेला नळ सापडला की तो माझ्या टेबलावर येतो. तार मात्र पहिल्यांदाच आली.

तारेबरोबर प्रश्नही होता. डॉक्टरांनी तिला रोज रात्री फ्लोराइडच्या माउथवॉशने चूळ भरायला सांगितलं होतं. तारा लावलेली तिचीच एक मैत्रीण म्हणत होती की फ्लोराइडने तार खराब होते, मध्येच तुटते. "दोघांपैकी खरं कोण बोलतंय?"

दोघंही. आणि दोघंही खरं कसं बोलू शकतात हे समजून घ्यायचं तर आधी ती तारच नीट पाहायला हवी.

मी भिंग काढलं. तार ०.०१४ इंच जाडीची होती, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. नवी असताना ती आरशासारखी नसली तरी लखलखीत असते. ही करडी पडली होती. दातांवरचे, तार अडकवायचे ब्रॅकेट जिथे येतात तिथे ओरखडे होते, आणि त्या ओरखड्यांच्या आजूबाजूला पांढुरकं काहीतरी चिकटलेलं होतं. दहा पटींच्या भिंगातून याहून जास्त दिसत नाही. खरी हकिगत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कळते. तिथे तोंडातून काढलेल्या तारांवर बारीक खड्डे, चरे आणि वाळलेल्या चिखलासारखे क्षार दिसतात. दीड महिन्यात जर एवढं होत असेल, तर तोंड ही धातूला राहायला काही सोपी जागा नाही.

ही तार पोलादाची नव्हती. तारांच्या उपचारात सुरुवातीला बहुतेक वेळा निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार वापरतात. या मिश्रधातूत दोन्ही मूलद्रव्यांचे अणू जवळजवळ समसमान असतात. वजनाने पाहिलं तर निकेल ५५ टक्क्यांच्या आसपास भरतं. या मिश्रधातूचा जन्म दवाखान्यात नाही, अमेरिकी नौदलाच्या शस्त्रप्रयोगशाळेत झाला. विल्यम ब्यूलर हे तिथले धातुतज्ज्ञ १९५९च्या सुमारास क्षेपणास्त्राच्या नाकासाठी, उष्णता सोसेल असा मिश्रधातू शोधत होते. पुढे एका बैठकीत या धातूची घड्या घातलेली पट्टी हातोहात फिरत असताना कुणीतरी पाइप पेटवायच्या लायटरने तिला आंच दिली, आणि पेटीच्या भात्यासारखी दुमडलेली ती पट्टी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सरळ झाली. धातूला आपला मूळ आकार आठवतो, हे त्या दिवशी लक्षात आलं. निकेल, टायटॅनियम आणि त्या नौदल प्रयोगशाळेची आद्याक्षरं जोडून 'निटिनॉल' हे नाव तयार झालं. आयोवा विद्यापीठातले दंतवैद्य जॉर्ज अँड्रियासन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही तार दातांवर आणली.

त्याआधी दात सरळ करायला सोन्याच्या मिश्रधातूची आणि मग स्टेनलेस स्टीलची तार असे. स्टीलची तार ताठ. वाकड्या दातापर्यंत ती पोचवायची तर तिला कुशलतेने वळसे घालावे लागत, आणि दात थोडा सरकला की तिचा जोर संपे. निटिनॉलची तार वाटेल तेवढी वाकवून ब्रॅकेटमध्ये अडकवा, ती आठवडेच्या आठवडे हळूहळू, जवळजवळ एकसारख्या जोराने मूळ कमानीकडे परतत राहते आणि दाताला सोबत नेते. तिचं सगळं मोल त्या परतण्यात आहे. पुढे तोंडात तिचं काय होतं हे पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. कारण तार तुटली तर ती सगळ्यांना कळते, पण तिचं परतणं मंदावलं तर कुणालाच कळत नाही. उपचार लांबतो, एवढंच.

आता गंजण्याविषयी. आपल्या आज्या पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवू देत नसत. ते कळकायचं. 'कळकणं' हा शब्द नव्या पिढीच्या कानावरून गेलेला नाही, कारण स्वयंपाकघरातून पितळच गेलं. आंबट पदार्थ तांब्यापितळेचा अंश विरघळवून घेतो आणि चव बिघडते, खाणाऱ्याला मळमळतं, हे त्या एका शब्दात सामावलेलं होतं. त्यावर उपाय कल्हईचा. भांड्याला आतून कथलाचा पातळ थर दिला की आंबट आणि पितळ यांची गाठ पडत नाही.

दातांवरच्या तारेलाही कल्हई असते, फक्त ती कुणी करत नाही. ती तार स्वतःच करून घेते. टायटॅनियमचा हवेशी किंवा पाण्याशी संबंध येताच त्याच्या पृष्ठभागावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर बसतो. स्टेनलेस स्टीलवर तसाच थर क्रोमियम ऑक्साइडचा असतो. पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम घालतात ते त्यासाठीच. हा थर इतका पातळ असतो की केसाची जाडी पंचाहत्तर हजार नॅनोमीटर धरली तर हा पाच-सात नॅनोमीटरचाही भरत नाही. पण तो सलग असतो, धातूला घट्ट धरून असतो, आणि ओरखडा पडला तर क्षणार्धात पुन्हा भरून येतो. कल्हईला हे जमत नाही. तोंडातला धातू टिकतो तो या थराच्या जोरावर. धातू मुळात गंजणाराच आहे, त्याचं अंगावरचं वस्त्र त्याला वाचवतं.

वर्गात मी मुलांना नेहमी सांगायची, की गंज म्हणजे त्या वस्त्राला पडलेलं भोक. धातू कोणता हे विचारण्याआधी त्याचं वस्त्र कोण फाडतंय ते विचारा.

तोंडात हे वस्त्र ओढायला बरेच हात असतात. लाळ दिसायला पाण्यासारखी, पण तिच्यात क्लोराइड असतं, विरघळलेला ऑक्सिजन असतो, प्रथिनं असतात. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. क्लोराइडला स्टेनलेस स्टीलच्या थरातली कमकुवत जागा नेमकी सापडते आणि तिथे ते खड्डा पाडतं. तापमान तर सतत बदलत असतं. गरम चहाने तोंडात ५५-६० अंशांपर्यंत मजल जाते आणि बर्फाच्या गोळ्याने ते शून्याजवळ येतं. उष्णतेने चेतणाऱ्या तारांना हे फार जाणवतं. गार पाण्याने त्या तात्पुरत्या मऊ होतात, दातांवरची ओढ सैल पडते. "आइस्क्रीम खाल्लं की दात दुखायचे थांबतात," असं माझी भाची सांगते. काही अंशी ते लाडाचं कारण असेल, पण तिच्या तारेपुरतं त्यात शास्त्रही आहे. मग चावण्याचा जोर आहे, ब्रशचं घासणं आहे. ब्रॅकेट एका धातूचा आणि तार दुसऱ्याची असेल तर लाळेत त्यांची एक चिमुकली विजेची बॅटरीच तयार होते, आणि त्या जोडीतला जो कमी टिकाऊ तो झिजतो.

पण या सगळ्यांहून मोठी गोष्ट आहे आंबटपणा. तो बाहेरूनही येतो आणि तोंडातच तयारही होतो.

बाहेरून येणारा आपल्या ओळखीचा. लिंबाचं सरबत, कोकम, चिंचेचं पाणी, कैरीचं लोणचं, आणि कोलासारखी पेयं. पीएच नावाच्या मापाने पाहिलं तर लाळ साधारण साडेसहा ते सव्वासातच्या आसपास, म्हणजे उदासीन असते. कोला किंवा लिंबूपाणी अडीच-तीनच्या घरात. हे माप चढत्या पायऱ्यांचं नाही, दहापटींचं आहे. एक अंक खाली गेला की आम्लता दहापट. म्हणजे लिंबूपाणी लाळेच्या हजारो पट आंबट. तरी ते गिळलं जातं, लाळ त्याला धुऊन टाकते, काही मिनिटांत तोंड पूर्वपदावर येतं.

तोंडात तयार होणारा आंबटपणा मात्र असा पाहुण्यासारखा येऊन जात नाही. दातांवरच्या ज्या चिकट थराला दंतवैद्य प्लाक म्हणतात, त्यातल्या जिवाणूंना साखर मिळाली की ते तिचं आम्ल करतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात प्लाकचा पीएच थेट दातावरच मोजला. साखरेच्या द्रावणाने चूळ भरल्यावर तो काही मिनिटांत साडेपाचच्या खाली घसरला, आणि वर यायला त्याला अर्धा ते एक तास लागला. साडेपाच हा आकडा महत्त्वाचा, कारण साधारण त्याच्या खाली दाताचं इनॅमल विरघळायला लागतं. तारा असलेल्या तोंडात प्लाकला आणखी आसरे मिळतात. ब्रॅकेटच्या कडा, तार बांधायची रबरी कडी, तारेखालची जागा. ब्रश तिथे धड पोचत नाही आणि लाळही पोचत नाही. चिवडा, पोहे, शेंगदाण्याचं कूट तिथे अडकून बसतं. अशा आडोशात ऑक्सिजन कमी असतो, त्यामुळे धातूवरचा थर फाटला तर तो भरून यायचा वेगही मंदावतो.

इथे फ्लोराइड येतं.

फ्लोराइड दाताला काय देतं हे आधी स्पष्ट मांडते. इनॅमलमधले कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक आम्लात विरघळतात. जवळ फ्लोराइड असेल तर विरघळलेला माल परत बसताना त्यात फ्लोराइड गुंफलं जातं, आणि हे नवं इनॅमल पीएच साडेचारच्या आसपास उतरेपर्यंत तग धरतं. साडेपाचावरून साडेचार, म्हणजे दहापट जास्त आंबट सोसण्याची ताकद. माउथवॉशमधलं काही फ्लोराइड प्लाकमध्ये आणि दातावर कॅल्शियम फ्लोराइडच्या बारीक कणांच्या रूपाने साठून राहतं, आणि पुढच्या वेळी आम्ल आलं की ते कण विरघळून नेमक्या गरजेच्या क्षणी फ्लोराइड सोडतात. निसर्गाने केलेली ही योजना मला नेहमीच सुंदर वाटत आली आहे.

तारेच्या बाजूने पाहिलं तर मात्र तीच योजना घातक ठरते. फ्लोराइड आणि आम्ल एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी हजर होतात.

एकटं फ्लोराइड टायटॅनियमला फारसं काही करत नाही. एकटं सौम्य आम्लही करत नाही. पण दोघं भेटले की फ्लोराइडचा काही भाग हायड्रोजनशी जोडला जाऊन हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. हे आम्ल काच खातं. म्हणून ते काचेच्या बाटलीत ठेवताच येत नाही, प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावं लागतं. आणि टायटॅनियमच्या त्या चिवट ऑक्साइडलाही ते विरघळवतं. आमच्या प्रयोगशाळेत टायटॅनियमचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याआधी त्याचा पृष्ठभाग कोरायला आम्ही जे द्रावण वापरायचो, त्यात हेच आम्ल नायट्रिक आम्लासोबत असे. क्रॉल या लक्झेंबर्गच्या धातुतज्ज्ञाच्या नावाने ते द्रावण ओळखलं जातं. हातमोजे, चष्मा आणि हवा ओढणारी चिमणी असल्याशिवाय मी विद्यार्थ्यांना त्याच्या जवळ फिरकू देत नसे. टायटॅनियमचं वस्त्र उतरवायचं तर आम्ही मुद्दाम जे वापरायचो, त्याचा अतिसौम्य अवतार तोंडात आपसूक तयार होऊ शकतो.

किती सौम्य, हे मोजता येतं. पीएच सुमारे ३.२ असेल तर द्रावणातलं निम्मं फ्लोराइड हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या रूपात असतं. पीएच वर गेला की हा वाटा झपाट्याने घटतो. जपानी संशोधकांनी १९९९मध्ये शुद्ध टायटॅनियमवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की या आम्लाचं प्रमाण दर दशलक्ष भागांत ३० भागांच्या वर गेलं की संरक्षक थर कोसळतो. ही रेघ हाताशी धरून मी भाचीसमोर कागदावर हिशेब मांडला.

रोज वापरायच्या ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या माउथवॉशमध्ये दर दशलक्ष भागांत सुमारे २२६ भाग फ्लोराइड असतं. तोंडाचा पीएच ७ असेल तर त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल बनतं ते दशलक्षात एका भागाच्या तिसाव्या हिश्श्याएवढं. नगण्य. पीएच साडेचार असेल तर सुमारे १० भाग. तरी रेघेच्या खाली. पण पीएच ४ झाला तर २९. रेघेला टेकलं! म्हणजे तीच बाटली, तेवढीच चूळ, स्वच्छ तोंडात निरुपद्रवी आणि आंबलेल्या तोंडात उंबरठ्यावर. दवाखान्यात दातांना लावतात त्या आम्लयुक्त फ्लोराइड जेलची गोष्ट तर वेगळीच. त्यात दशलक्षात १२,३०० भाग फ्लोराइड, आणि पीएच साडेतीनच्या आसपास. तिथे हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा आकडा हजारांत जातो. ते जेल मुद्दाम आंबट केलेलं असतं, कारण आंबटपणात इनॅमल फ्लोराइड जास्त शोषतं. दाताच्या दृष्टीने विचार योग्यच आहे. तो ज्यांनी केला त्यांच्यासमोर दातावर टायटॅनियमची तार नव्हती.

भाचीने विचारलं, "मग थर गेला की तार गंजून पातळ होते?"

थोडी होते, पण खरं नुकसान ते नव्हे. माझ्या मते या साऱ्या गोष्टीतला सर्वांत रंजक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग पुढेच आहे. थर उतरला की उघडं पडलेलं टायटॅनियम आम्लाशी अभिक्रिया करतं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. हायड्रोजनचे अणू इतके लहान की त्यातले काही बुडबुडे होऊन निघून न जाता धातूच्या आत शिरतात. टायटॅनियमला हायड्रोजनची भूक मोठी. आत शिरलेला हायड्रोजन स्फटिकांच्या रचनेत अडकतो, कुठे कुठे टायटॅनियम हायड्राइड तयार करतो, आणि लवचिक धातू ठिसूळ होतो. याला आम्ही हायड्रोजनजन्य ठिसूळपणा म्हणतो. जहाजबांधणीपासून तेलवाहिन्यांपर्यंत अभियंते त्याला घाबरून असतात, कारण तो बाहेरून दिसत नाही. भार सोसत असलेला भाग एक दिवस नेहमीच्याच भाराखाली कडकन तुटतो. जपानमध्ये निकेल-टायटॅनियमच्या तारा आम्लयुक्त फ्लोराइडच्या द्रावणात ताणून ठेवल्या तेव्हा अगदी हेच झालं. तारा लगेच तुटल्या नाहीत. काही वेळ थांबून, त्यांच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी ताणाखाली तुटल्या.

अशी तार तोंडात तुटते ती बहुधा मागच्या बाजूला, दोन ब्रॅकेटांमधल्या लांब अंतरात. चावण्याचा ताण तिथेच जास्त बसतो. टोक गालात टोचतं, मुलं मेणाची गोळी लावून वेळ मारून नेतात आणि आईवडील म्हणतात, "काहीतरी कडक खाल्लं असशील." कधी खरंच खाल्लेलं असतं. कधी मात्र चकलीवर उगाच आळ येतो.

न तुटणाऱ्या तारेचं काय? अमेरिकेतल्या मेरी वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये निकेल-टायटॅनियमच्या तारा फ्लोराइड जेलमध्ये ३७ अंशांवर दीड तास बुडवून ठेवल्या. रोज एक मिनिट याप्रमाणे तीन महिन्यांचा हा हिशेब. मग त्या वाकवून परत येताना किती जोर लावतात ते मोजलं. परतण्याचा जोर कमी झालेला आढळला. तांबं मिसळलेल्या निकेल-टायटॅनियमच्या तारांत तसा लक्षणीय फरक दिसला नाही, तरी पृष्ठभाग त्यांचाही खराब झाला. आणि एक गोष्ट माझ्या साध्यासरळ हिशेबाला छेद देणारी आहे, ती लपवणं बरं नाही. आम्लयुक्त जेलप्रमाणे उदासीन जेलनेही निकेल-टायटॅनियमच्या तारेचा जोर घटवला. त्या जेलमध्ये फ्लोराइड पुष्कळ होतं, पण आम्ल जवळजवळ नव्हतं. म्हणजे तीस भागांची रेघ ही थर कोसळण्याची रेघ आहे. तिच्याखाली सगळं आलबेल असतं असं नाही. धातूचं दुखणं रेघ ओलांडायच्या आधीही सुरू होऊ शकतं.

टायटॅनियमची आणखी एक तार उपचाराच्या पुढच्या टप्प्यात वापरतात, मॉलिब्डेनम घातलेली. १९८०मध्ये चार्ल्स बर्स्टोन आणि जॉन गोल्डबर्ग यांनी ती आणली. तिच्यात निकेल नसतं, त्यामुळे निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना ती मानवते. पण टायटॅनियम तिच्यात तीन चतुर्थांशाहून जास्त, म्हणून फ्लोराइडचा मार तिला जास्तच लागतो. आम्लयुक्त फ्लोराइडमध्ये तिचा रंगच बदलतो, ती काळपट पडते. पृष्ठभाग खरखरीत झाला की ब्रॅकेटच्या खाचेतून तार सरकताना घर्षण वाढतं. दातांमधली फट बंद करायच्या टप्प्यात दात तारेवरूनच सरकत असतो. तिथे घर्षण म्हणजे बैलगाडीच्या आसात वंगण नसणं. स्टेनलेस स्टील या बाबतीत जरा सोसणारं, तरी तेही पूर्ण सुटत नाही.

निकेलचं नाव निघालं की पालक धास्तावतात, म्हणून त्याबद्दल थोडं. तारा आणि ब्रॅकेटांतून निकेल झिरपतं हे खरं. १९८३मध्ये प्रयोगशाळेत पूर्ण तोंडाच्या तारांचा संच मिठाच्या पाण्यात ठेवून मोजलं तेव्हा दिवसाला सरासरी ४० मायक्रोग्रॅम निकेल बाहेर पडलं. आपल्या रोजच्या जेवणातून जाणारं निकेल साधारण याच्या काही पट असतं. डाळी, शेंगदाणे, कोको यांत ते असतंच. तेव्हा बहुतेकांना काळजीचं कारण नाही. ज्या मुलीला खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात तिने मात्र तार लावायच्या आधीच डॉक्टरांना ते सांगावं.

आता मैत्रिणीच्या म्हणण्यातलं खरं पुरेसं सांगून झालं. डॉक्टरांच्या म्हणण्यातलं खरं मला जास्त मोलाचं वाटतं.

अमेरिकेत १९८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तारांचा उपचार झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या किमान एका दातावर पांढरा डाग आढळला. हा डाग म्हणजे इनॅमल आतून पोकळ होऊ लागल्याची खूण, किडीची पहिली पायरी. ब्रॅकेटच्या भोवती, हिरडीच्या बाजूला तो खडूसारखा उमटतो, आणि ब्रॅकेट काढल्यावर चौकोनी सावलीसारखा दातावर राहून जातो. स्वच्छता नीट नसेल तर त्याला महिनाभरही पुरतो. दोन वर्षं खर्चून दात सरळ करायचे आणि आरशात मोत्यांच्या ओळीवर खडूचे ठिपके पाहायचे, याहून वाईट काय? तार दीड-दोन महिन्यांत बदलली जाते. ती खराब झाली तर डॉक्टर दुसरी बसवतात. इनॅमल एकदा गेलं की शरीर ते पुन्हा घडवत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. तारेच्या काळजीपोटी फ्लोराइड सोडायला निघालेल्या कुणालाही मी हात धरून थांबवीन.

थांबवताना एवढं जरूर सांगीन, की चूळ कधी आणि कशाची हे मनावर घ्या. सरबत, कोला, पाणीपुरी, गोड काही झाल्यावर लगेच फ्लोराइडची चूळ नको. आधी साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची आणि अर्धा तास जाऊ द्यायचा. रात्री नीट ब्रश करून, ब्रॅकेटच्या कडा बारीक ब्रशने साफ करून, मग फ्लोराइड आणि मग झोप. रात्री लाळ जवळजवळ आटते, त्यामुळे फ्लोराइड दातावर जास्त वेळ राहतं. प्लाक निघालेलं असेल तर आम्ल करणारेही थोडेच उरतात, त्यामुळे तारेलाही ते सोसतं. याच्या उलट, न घासलेल्या तोंडात फ्लोराइडची चूळ भरून झोपणं म्हणजे आडोशातल्या प्लाकला फ्लोराइडची शिदोरी बांधून देणं. बाटली निवडताना उदासीन सोडियम फ्लोराइडची आहे की आम्लयुक्त, हे डॉक्टरांना विचारावं. दवाखान्यात जास्त जोराचं फ्लोराइड द्यायची वेळ आली तर तार बदलायच्या दिवशी, जुनी निघाली आणि नवी बसायची आहे अशा मधल्या वेळात देता येतं. किंवा फक्त दातावर ब्रशने लावायचं वॉर्निश असतं. त्यात फ्लोराइड भरपूर, पण ते दाताला चिकटून राहतं आणि साऱ्या तोंडात पसरत नाही. या गोष्टी ठरवायच्या त्या डॉक्टरांनीच, पण विचारायचा हक्क तारा लावणाऱ्याचा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅम असावं, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी लहानपणापासून पोटात गेलेल्या मुलांचे दात पिवळे-तपकिरी, चट्ट्याचट्ट्यांचे होतात, आणि वर्षानुवर्षं तेच पाणी पिणाऱ्यांची हाडंही दुखावतात. अशा गावातल्या मुलाने तार लावताना आपलं गाव आणि पाणी डॉक्टरांना सांगायलाच हवं. माउथवॉश थुंकायचं असतं, गिळायचं नसतं. सहा वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत ते याच कारणाने.

प्रयोगशाळेतली तार आणि तोंडातली तार यांत फरक आहे, हेही भाचीला सांगितलं. बीकरमध्ये तार तासन्‌तास एकाच द्रावणात पडून असते. तोंडात चूळ मिनिटभराची. मग लाळ येते, फ्लोराइड पातळ होतं, प्रथिनांचा पापुद्रा तारेवर बसतो, आणि दोन चुळांच्या मधल्या वेळात तारेचं वस्त्र पुन्हा विणलं जातं. म्हणून प्रयोगशाळेतले आकडे तोंडाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण ते कुठे जपायचं ते नेमकं दाखवतात: आडोशात, आणि आंबट क्षणी.

एवढं सगळं ऐकल्यावर तिने विचारलं, "माझं तोंड किती आंबट आहे ते कसं कळणार?" माझ्या कपाटात पीएच मोजायच्या कागदी पट्ट्यांचा जुना डबा होता. आम्ही कोकम सरबतापासून सुरुवात केली, पण त्याच्या लालीने पट्टीचा रंगच समजेना. मग लिंबू पिळलं. पट्टी तीनच्या खाली गेली. तिच्या माउथवॉशची पट्टी सहाच्या वर थांबली, तेव्हा तिने सुटकेचा श्वास टाकला. मग स्वतःच्या लाळेवर एक पट्टी, साधारण सात. सरबताचा एक घोट घेऊन लगेच दुसरी, पाचच्याही खाली. मग पाण्याची चूळ आणि हातात घड्याळ. दर दोन मिनिटांनी एक पट्टी याप्रमाणे तिने डब्याचा बराच भाग संपवला, रंग वहीत टिपले, आणि निघताना उरलेला डबाही घेऊन गेली. मैत्रिणीची बाटली तपासायची होती.